भोंगा वाजला नाही

त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी सगळं शहर त्याला भोंगा म्हणायचं. पाणीपुरवठा खात्यात चिकटल्यापासून त्याचं काम एकच. खात्याच्या तीनचाकी गाडीत बसायचं आणि टपावर बांधलेल्या भोंग्यातून ओरडायचं. उद्या पाणी येणार नाही, आज उशिरा येईल, पाइप फुटलाय, गढूळ येतंय, उकळून प्या. चांगली बातमी सांगायला ही गाडी खात्याने कधी बाहेर काढली नाही. त्यामुळे ती कोपऱ्यावर दिसली की बायका आधी कपाळाला हात लावायच्या, मग पिंपं, बादल्या, पातेली, जे हाताला लागेल ते भरायला धावायच्या. "आला मेला!" हे त्याचं स्वागत. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. मेला म्हणत का होईना, ऐकतात ना, असं तो म्हणायचा.

लोकांना वाटतं, माईक हातात घेतला की झालं. तसं नसतं. चालत्या गाडीतून बोललं की वाक्याचं डोकं एका गल्लीत पडतं आणि शेपूट दुसरीत. म्हणून गाडी कोपऱ्यावर उभी करायची. समोर उंच भिंत असेल तर भोंग्याचं तोंड जरा वर उचलायचं, नाहीतर आवाज आपटून आपल्याच अंगावर येतो. शब्द सुटे सुटे टाकायचे. आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, कारण पहिल्यांदा माणसं नुसतीच दचकतात. नळ बंद करतात, भांडण थांबवतात, पोरांना गप्प करतात. ऐकतात ती दुसऱ्यांदा. सांगून झालं की लगेच हलायचं नाही. एखादी खिडकी उशिरा उघडते, एखादी आजी "काय म्हणालास रे?" म्हणून विचारते. तिला माईक बाजूला ठेवून सांगायचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि खात्यात कुणाला ते माहीतही नव्हतं.

आवाजाचं श्रेय मात्र ताईचं. आई लवकर गेली, थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलं. लहानपणी तो इतका मोठ्याने बोलायचा की शेजारी तक्रार घेऊन यायचे. ताई त्यांच्या देखत त्याला दटावायची आणि ते गेले की म्हणायची, "ओरड रे. देवानं तोंड दिलंय तर वापर." त्याचं लग्न काही जमलं नाही. एवढ्या मोठ्या आवाजाशी संसार कोण करणार, हा विनोद तो स्वतःच करून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कुणी करायला नको. घर म्हणजे त्याला ताईचंच. ती राहायची खालच्या आळीत. नळाची लाइन जिथे संपते तिथे ही आळी, त्यामुळे लाइनमध्ये जो काही गाळ-कचरा असेल तो शेवटी यांच्या नळाला. नवरा गेल्यापासून ताई शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवायची. एक मुलगी होती, बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरण्याच्या कामाला. भोंगा आपली फेरी मुद्दाम खालच्या आळीत संपवायचा. शेवटची घोषणा ताईच्या दारासमोर, आणि घोषणा संपली की जेवण आत. "सगळ्या शहराला घसा फोडून सांगितलंस, आता गप्प बसून जेव," ताई म्हणायची, आणि तो खरंच गप्प बसायचा.

मग नवे साहेब आले. वाईट नव्हते, पण त्यांना सगळं नवं हवं होतं. गाडीचा ड्रायव्हर निवृत्त झाला तो झाला, त्याच्या जागी कुणाला घेतलंच नाही. गाडी आवारात ताडपत्रीखाली गेली, भोंगा काढून भांडारात ठेवला, आणि खात्याने सोशल मीडियावर आपलं पेज उघडलं. ते चालवायला कंत्राटावर एक तरुण मॅडम आल्या. चटपटीत, हसऱ्या, आणि कुणाला कमी न लेखणाऱ्या. साहेबांनी भोंग्याला त्यांच्या शेजारी आणून बसवलं. "आवाज तुमचाच," ते म्हणाले, "फक्त आता बोटांनी." स्वतःच्या बोलण्यावर ते इतके खूश झाले की पुढच्या प्रत्येक बैठकीत त्यांनी ते ऐकवलं.

बोटं शिकली. चष्मा लावून, एक एक अक्षर शोधत, पण शिकली. अडचण वेगळीच होती. भोंगा प्रत्येक गोष्ट दोनदा लिहायचा. "उद्या सकाळी पाणी येणार नाही. उद्या सकाळी पाणी येणार नाही." मॅडम एक ओळ खोडायच्या.

"काका, एकदाच लिहा हो. लोकांना डोळे आहेत."

"कानही होतेच की मॅडम."

मॅडम हसायच्या आणि खोडायच्या.

दुसरी गोष्ट त्याच्या पचनी पडली नाही ती म्हणजे रोजच्या तीन पोस्ट. पेज जागं राहिलं पाहिजे, नाहीतर ते लोकांच्या फोनवर दिसेनासं होतं, असं मॅडमनी त्याला समजावलं होतं. म्हणून सकाळी साहेबांचा फोटो आणि शुभ सकाळ. दुपारी पाणी वाचवा, पाणी जपा, पाणी म्हणजे जीवन. संध्याकाळी प्रश्नमंजूषा: आपल्या मोठ्या टाकीत किती पाणी मावतं, ओळखा आणि बक्षीस मिळवा.

"पण मॅडम, आज काही झालेलंच नाही."

"म्हणून तर टाकायचं, काका. लोक विसरतात आपल्याला."

काही झाल्याशिवाय तोंड न उघडणाऱ्या माणसाला आता काही न होण्याबद्दल दिवसातून तीनदा बोलायचं होतं. पण खोटं कशाला सांगा, त्याला त्याची गोडीही लागली. इतकी वर्षं भिंतींशी बोलल्यावर आता भिंती उलट बोलू लागल्या होत्या. कुणी लिहायचं, अमुक चौकात व्हॉल्व्ह गळतोय. भोंगा फिटरला फोन करायचा, फिटर शिव्या घालत जायचा, गळती थांबायची, आणि तो माणूस लिहायचा, धन्यवाद, खात्याकडून ही अपेक्षा नव्हती. हे "अपेक्षा नव्हती" वाचून भोंग्याची छाती फुगायची. तो फोन घेऊन ताईकडे जायचा आणि तिला वाचून दाखवायचा.

अर्थात सगळ्याच तक्रारी फिटरच्या हातातल्या नसत. त्यांच्यासाठी तयार उत्तरं होती. तासाभरात उत्तर दिलं नाही तर पडद्यावरची त्या तक्रारीची चौकट लाल व्हायची, आणि लाल चौकटी साहेबांना आवडत नसत. सगळ्यात चालणारं उत्तर होतं, "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे."

"हा संबंधित विभाग बसतो कुठे, मॅडम?" त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

मॅडम खळखळून हसल्या. "आपणच, काका."

ताईला या सगळ्याची गंमत वाटायची. तिच्याकडे फोन नव्हता, नकोही होता. मशीनवर पाय चालवत ती एकदा म्हणाली, "काचेवर बोटं घासून कुणाला ऐकू जातं रे?"

"अगं, अर्ध्या शहराला जातं. आता ते भोंगा वगैरे गेलं. आता पेज."

"असू दे तुझं पेज. आमचं सोपं आहे बाबा. भोंगा आला की उकळायचं, नाही आला की तसंच प्यायचं. आळीत सगळ्यांचं तेच आहे. रोज उगाच उकळायला गॅस काय फुकट येतो?" मग दोरा दातांनी तोडत म्हणाली, "आणि काही मोठं झालंच, तर येशीलच की तू."

"येईन की," भोंगा म्हणाला. म्हणाला आणि ताट पुढे ओढलं.

इथे त्याचे कान टवकारायला हवे होते. खालच्या आळीत त्याच्या आवाजाला जितका अर्थ होता तितकाच त्याच्या गप्प राहण्यालाही होता, आणि तो त्यानेच गल्लीगल्लीत फिरून वर्षानुवर्षं त्यांच्या हाडीमाशी खिळवला होता. गाडी बंद झाली, हे ताईला त्याने जेवता जेवता एकदाच सांगितलं आणि तिने ते थट्टेवारी नेलं; आळीला तर कुणी सांगितलंच नाही. सांगणार कोण आणि कशाने? ते जाहीर झालं होतं पेजवर, साहेबांच्या फोटोसकट.

आणि मग मोठं झालं. नाल्याखालून जाणारी जुनी लाइन कुठेतरी चिरली आणि गटाराचं पाणी आत शिरलं. सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला आणि साहेबांचं धाबं दणाणलं. सूचना तातडीने द्यायची ठरली. तातडीने म्हणजे आधी साहेबांनी मजकूर लिहिला, "तांत्रिक कारणास्तव काही भागांतील पाण्याच्या गुणवत्तेत तात्पुरता बदल संभवतो." भोंग्याने तो वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबांपुढे त्याचा खरा आवाज निघाला.

"साहेब, यातून कुणाला काय कळणार? पाणी उकळून प्या असं लिहा. खालची आळी, नाल्याकडची वस्ती, नावं घालून लिहा."

"घाबरतील लोक."

"घाबरू देत की. घाबरल्याशिवाय कोण उकळणार?"

बराच खल झाला. मॅडम त्याच्या बाजूने बोलल्या. शेवटी साहेबांनी मान डोलावली. लाल पट्टी, मोठी अक्षरं, वस्त्यांची नावं, "पाणी उकळूनच प्या." मॅडमनी त्याच्याकडे पाहून ती ओळ दोनदा घातली, आणि या वेळी खोडली नाही. पोस्ट गेली. बघता बघता आकडा चढायला लागला. लोक पुढे पाठवत होते, मॅडम टेबलावर बोटं वाजवत होत्या, साहेब खुर्चीमागे उभे राहून पाहत होते.

"साहेब, एकदा गाडी काढू या का?" भोंग्याने विचारलं. "निदान नाल्याकडच्या बाजूला तरी."

"कुठली गाडी? ती भंगारात लागलीय. ड्रायव्हर नाही, बॅटरी नाही." साहेबांनी पडद्याकडे बोट केलं. "आणि हे बघा ना. एवढी माणसं गाठायला तुमच्या भोंग्याला महिना लागला असता."

हे खरं होतं. भोंग्याने खिडकीतून एकदा आवारातल्या ताडपत्रीकडे पाहिलं. भांडाराची किल्ली कुणाकडे असते ते त्याला माहीत होतं. रिक्षा करून, भोंगा मांडीवर घेऊन, कुठून तरी बॅटरी मागून आणून जाता आलं असतं. नाहीतर नुसतंच जायचं, घसा होताच की. पण तेवढ्यात मॅडमनी हाक मारली, "काका, या लवकर, कमेंटांचा पाऊस पडतोय." साहेब म्हणाले, आज एकही चौकट लाल दिसता कामा नये. आणि भोंगा बसला.

त्याने भाचीला फोन लावला. बंद. कारखान्यात फोन फाटकावरच काढून घेतात, आणि त्या आठवड्यात तिची दुहेरी पाळी होती. पण ती पेज बघते, त्याने स्वतःच तिच्या फोनवर ते लावून दिलं होतं. सुटली की बघेल. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात आतून एक ढेकर आल्यासारखं समाधान होतं. सांगून झालं होतं. इतकी वर्षं सांगून झालं म्हणजे पोचलं, कारण सांगताना तो तिथे उभा असायचा. आज तो खुर्चीत होता, पण जुनी सवय सुटली नव्हती.

दिवसभर तो उत्तरं देत राहिला. आमच्याकडे फिल्टर आहे, आम्हालाही उकळावं लागेल का? पाणीपट्टी घेता वेळेवर आणि पाजता हे? उकळायचं म्हणजे किती वेळ? कुणी हसरे चेहरे टाकत होतं, कुणी साहेबांच्या राजीनाम्याची मागणी करत होतं, एकाने तर गुलाबाचं फूल टाकून शुभ दुपार म्हटलं. भोंगा प्रत्येकाला नीट, आदराने, घरच्यासारखं समजावत होता. "रटरटा उकळी फुटू द्या, दादा, मग गार करा." खालच्या आळीतून कुणीच काही लिहिलं नाही. एवढ्या गर्दीत ते त्याच्या लक्षात आलं नाही. गल्लीत बंद राहिलेली खिडकी दिसते, पेजवर ती दिसत नाही.

संध्याकाळी निघावं म्हणून तो उठला, तर साहेबांनी थेट प्रक्षेपण ठेवलं होतं. लोक प्रश्न विचारणार आणि साहेब उत्तर देणार. साहेबांच्या समोर कागद धरायला भोंगा उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. आळीत जायचं जायचं म्हणत राहून गेलं. उद्या जाऊ, असं म्हणत तो झोपला.

तो उद्या उजाडला आणि भाचीचा फोन आला. सरकारी दवाखान्यातून.

तो वॉर्डात शिरला. खालची आळीच तिथे येऊन निजली होती. कोपऱ्यावरचा चांभार, त्याची आई, दोन घरं सोडून राहणारी रंगाऱ्याची बायको, तिची मुलं. खाटा पुरल्या नव्हत्या, काही जमिनीवर होते, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधल्या होत्या. जुलाब आणि उलट्यांनी माणसं चिपाडासारखी झाली होती. ताई भिंतीकडच्या खाटेवर होती. इतकी लहान कधी दिसली नव्हती.

भाचीने त्याला बाहेर व्हरांड्यात गाठलं.

"पाणी जरा गढूळ होतं, मामा. बायकांच्या लक्षात आलं होतं. रंगाऱ्याची बायको म्हणाली, उकळू या. आईच म्हणाली तिला, खराब असतं तर माझा भाऊ आला असता. भोंगा वाजला नाही म्हणजे चांगलंच आहे. तिचं ऐकून सगळे प्यायले."

"पेजवर टाकलं होतं गं. तू पाहिलं नाहीस?"

भाचीने खाली पाहिलं. "रोज सकाळी तुमच्या साहेबांचा फोटो यायचा. वैताग यायचा. मी ते पेज बंद करून ठेवलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

तो आत गेला. ताईने डोळे उघडले आणि त्याला ओळखलं. ओठ सुकले होते. तो वाकला तेव्हा ती म्हणाली, "भोंगा कधी वाजला रे?"

तो खाटेच्या कडेवर टेकला.

"मशीनवर असेन मी. त्या खडखडाटात ऐकू नाही आलं. कान गेले वाटतं माझे."

ती त्याच्याकडे बघत होती. खोटं बोलायला त्याला फार विचार करावा लागला नाही. तोंडात आलं ते निघून गेलं. "वाजला होता, ताई. दुपारी. दोनदा सांगितलं मी."

"तरीच," ताई म्हणाली. मग तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं. "आणि मी सगळ्यांना सांगत बसले, नाही आला म्हणून. रंगाऱ्याची मुलंसुद्धा प्यायली रे. माझ्या बहिरेपणापायी."

तेव्हाच सांगायचं होतं. नाही ताई, वाजला नव्हता, तुझे कान चांगले आहेत, मी आलो नाही. एवढंच तर होतं. पलीकडे भाची उभी होती, ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती. पण उद्या सांगू, जरा बरी झाली की सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं आणि ताईच्या पायावरची चादर सारखी केली.

ताईने उद्याची वाट पाहिली नाही. रंगाऱ्याचा धाकटा तिच्या आधी गेला आणि ते तिला कुणीतरी सांगितलं. मग तिने औषधाला तोंडच उघडलं नाही. संध्याकाळी गेली.

अंत्यविधी आटोपल्यावर भाची त्याला एकच वाक्य बोलली. "मामा, तेवढं तरी खरं सांगायचं होतं." त्यानंतर तिने त्याचा फोन उचलला नाही.

चौकशी झाली, व्हायची तशी. सूचना वेळेत दिली होती का, हा मुद्दा होता, आणि वेळेत दिली होती. पोस्टवर तारीख आणि वेळ छापलेलीच असते. वस्त्यांची नावंसुद्धा होती. चौकशीला आलेले अधिकारी म्हणाले, इतकी स्पष्ट सूचना आम्ही कुठल्या खात्याची पाहिली नाही. भोंग्याने भांडून घालायला लावलेली ती ओळ साहेबांच्या कामी आली. साहेब सहीसलामत सुटले, आणि वर्षाअखेरीला खात्याला लोकसंवादाचं पारितोषिक मिळालं. चिरलेल्या पाइपाला पट्टा मारला होता. पाइप बदलायचं काम निविदेत अडकलं होतं.

पारितोषिकाच्या फोटोत साहेब मधोमध होते, मॅडम बाजूला, आणि कडेला अर्धा कापलेला भोंगा. फोटो पेजवर त्यानेच टाकला. अभिनंदन, अभिनंदन, टाळ्या, फुलं. तो खाली खाली सरकवत गेला आणि एका जागी त्याचं बोट थांबलं. भाचीचं नाव होतं. तिने अभिनंदन केलं नव्हतं. विचारलं होतं, "खालच्या आळीत पाणी आता प्यायला चालतं का? भोंगा येत नाही, म्हणून इथे विचारते."

किती महिन्यांनी तिचा शब्द त्याच्याकडे आला होता, आणि तोही त्याला नाही, खात्याला. चालतं का? त्याला माहीत नव्हतं. पट्टा टिकला असेल तर चालतं. प्रयोगशाळेचे अहवाल आता थेट साहेबांकडे जात. त्याने लिहिलं, "उकळून प्या, बाळ. उकळून प्या. मामा." आणि मॅडमना दाखवलं, कारण त्या प्रकरणानंतर पाण्याच्या दर्जाबद्दलचं प्रत्येक उत्तर दाखवूनच पाठवायचं असा हुकूम होता.

मॅडमनी वाचलं. त्यांचेही डोळे भरले, खोटं नाही. "काका, हे नाही पाठवता येणार. उकळून प्या म्हणजे पाणी अजून खराब आहे असं आपण कबूल केल्यासारखं होतं. साहेब मला एका दिवसात घरी बसवतील." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी जाऊन सांगा ना तिला."

चौकट पिवळी झाली होती. मग नारिंगी. भोंगा तिच्याकडे पाहत बसला. निवृत्तीला थोडं राहिलं होतं, भांडायचं बळ राहिलं नव्हतं, आणि कुणाशी भांडायचं हेही त्याला समजत नव्हतं. मॅडमशी? त्यांनीच तर ओळ दोनदा घातली होती. लाल व्हायच्या आत त्याने तयार उत्तर उचललं आणि पाठवलं. "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. आपली प्रतिक्रिया आमच्यासाठी मोलाची आहे." खाली लगेच भाचीने उंचावलेला अंगठा टाकला.

त्या दिवशी तो काम सुटल्यावर खालच्या आळीत गेला. कोपऱ्यावर, जिथे गाडी उभी करायचा, तिथे सवयीने क्षणभर थांबला. चांभाराने त्याला पाहिलं आणि मान खाली घालून टाका घालत राहिला. रंगाऱ्याच्या घराचं दार लोटलेलं होतं. मेला म्हणायलाही कुणी पुढे आलं नाही.

भाचीने दार उघडलं. आत या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मशीन होतं तिथेच होतं, वर अर्धवट शिवलेला अभ्रा घडी घालून ठेवलेला. तो उंबऱ्याशी खाली बसला. दिवसभर घोळवलेली वाक्यं त्याच्या तोंडाशी आली. उकळून पीत जा. मी तुझ्या आईशी खोटं बोललो. तिचे कान चांगले होते. एवढंच सांगायला आलोय, आणि दोनदा सांगायला आलोय.

भाची आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. काठोकाठ भरलेला. तिने तो त्याच्यापुढे धरला.

तो पेल्याकडे पाहत राहिला. पाणी नितळ दिसत होतं. पण नितळ दिसण्यावरून काही कळत नाही, हे त्यानेच एकदा माईकवरून सगळ्या शहराला सांगितलं होतं.

"उकळलंय का?" त्याने विचारलं.

"पाठवलंय ना मामा, संबंधित विभागाकडे?" भाची म्हणाली. "मग घ्या."

तिचा हात हलला नाही. भोंग्याने पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. मग रिकामा पेला तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, आत नेऊन पालथा घातला, आणि दार लावून घेतलं.